नवरी आणि आई : एक्केचाळीस मिनिटं

लग्नाच्या दिवशी दोन माणसांची हमखास जुंपते आणि त्यात नवरा-नवरी नसतात. एक गुरुजी, दुसरा फोटोग्राफर. गुरुजींना मुहूर्त गाठायचा असतो, फोटोग्राफरला उजेड. त्यांच्या ओढाताणीत वरमाईचा चहा गार होतो, नवरीचा अंबाडा दोनदा सुटतो, आणि मुहूर्त टळला की दोघं मिळून वेळापत्रक आखणाऱ्याच्या नावानं खडे फोडतात. सांगलीत हे खडे चौदा वर्षं मैथिली खांबेटेच्या नावानं फुटत होते. लग्न पाहावं करून, असं लोक म्हणतात खरे, पण ते आयुष्यात एकदा करतात. मैथिली वर्षाला चाळीस करायची.

मग घटिका आली. पूर्वी मुहूर्ताची वेळ कळावी म्हणून पाण्यात बारीक भोकाची वाटी सोडत, तिच्यावरून पुण्याच्या एका कंपनीनं आपल्या प्रोग्रामला हे नाव दिलं होतं. घटिकेला तीन गोष्टी द्यायच्या: मुहूर्त, विधींची यादी, आणि घरातल्या प्रत्येकाची दहा सेकंदांची चित्रफीत. कॅमेऱ्याकडे बघायचं आणि नाव सांगायचं, एवढंच. त्यावरून ती चेहरे ओळखायची, फोटोंसाठी वेळ राखून सबंध दिवस आखायची, आणि प्रत्यक्ष लग्नात कॅमेरे तिला जोडले की वेळापत्रक जागच्या जागी दुरुस्त करत राहायची. आत्याबरोबर तीन मिनिटं, मित्रमंडळींना चार, आईवडलांना सहा, नवरा-नवरीला वीस. मुहूर्त एकदाही चुकला नाही. गुरुजीसुद्धा तिला नावाजायला लागले, आणि गुरुजींनी कधी कोणाला नावाजल्याचं सांगलीत कोणाला आठवत नव्हतं.

ही मिनिटं ती ठरवायची कशी, हे मात्र कोणी विचारलं नाही. कंपनीनं तिला वीस वर्षांचे लग्नाचे अल्बम दाखवले होते, लाखांनी. सगळे नेटवर ठेवलेले, त्यामुळे पुढच्या काळात कोणता फोटो कोणी, कितीदा आणि किती वेळ उघडून पाहिला याची नोंद आयती होती. घटिकेला एकच आज्ञा होती: जो फोटो पुढे जास्त पाहिला जाईल, त्याला त्या दिवशी जास्त वेळ दे. आज्ञा शहाणपणाची होती. पण लग्नाला पाच वर्षं झाल्यावर लोक सर्वांत जास्त कोणता फोटो उघडतात? सूर्यास्तापुढे हात पसरून उभ्या राहिलेल्या जोडप्याचा नाही. जे माणूस आता नाही, त्याचा.

म्हणजे जास्त पाहिला जाणारा फोटो आधी ओळखायचा, तर जाणारं माणूस आधी ओळखायला हवं. घटिका ते आपलं आपण शिकली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्यात रक्त येतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्यावरून नाडी मोजता येते हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. त्यात पापण्यांची सूज, नखांचा रंग, बोलता बोलता घेतलेला श्वास. या सगळ्यातून तिनं नेमकं काय जुळवलं ते कंपनीलाही सांगता येत नव्हतं. मैथिलीनं एकदा फोन करून विचारलं, तेव्हा पलीकडचा माणूस फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, घटिकेला मृत्यू हा शब्दच माहीत नाही. तिला फक्त फोटो कळतात."

मैथिलीला कळायला दोन वर्षं लागली. विट्याच्या लग्नात नवऱ्याच्या चुलत्याला अठरा मिनिटं दिली होती, तो चार महिन्यांत गेला. तासगावला नवरीच्या आत्येला सोळा, ती गणपतीपर्यंत टिकली नाही. अशी अकरा माणसं तिच्या लक्षात होती, सगळी साठीच्या पुढची, आणि त्यांतली नऊ वर्षाच्या आत गेली. तिनं कोणाला सांगितलं नाही. लोकांच्या शुभकार्यात असलं अभद्र कोण बोलणार? ती फक्त आपल्या फोटोग्राफरला, अस्लम मुजावरला, म्हणायची, "हा फोटो जरा नीट काढा, अस्लमभाई." नवरा मरो नाहीतर नवरी मरो, उपाध्यायाला दक्षिणेशी काम, असं तिला कोणी तोंडावर म्हटलं असतं तर तिनं ते मान्य केलं असतं.

मे महिन्याच्या तीन तारखेला ती आपल्याच भाचीच्या लग्नाचं वेळापत्रक काढत होती. शर्वरी, तिच्या मोठ्या बहिणीची, गौतमीची, एकुलती एक मुलगी. लग्न बावीस तारखेला, शुक्रवारी, मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांनी. अस्लमभाई समोर बसून चहा पीत होते. पडद्यावर वेळापत्रक आलं आणि मैथिलीचं बोट सकाळच्या नऊ चाळीसवर थांबलं.

नवरी आणि आई. एक्केचाळीस मिनिटं.

"काय झालं ओ मॅडम?" अस्लमभाईंनी मान पुढे काढली, वाचलं, आणि कप खाली ठेवला. सतरा वर्षं ते तिच्याबरोबर फोटो काढत होते. 'नीट काढा' म्हणजे काय, हे त्यांना कधी सांगावं लागलं नव्हतं. "काय तर चुकलं असंल. परत टाकून बघा की."

तिनं परत टाकून पाहिलं. एक्केचाळीसच आले.

"एवढी मिनिटं मी कोणाला बघितली न्हाईत," ते हळूच म्हणाले. "ताईंची तब्येत बरी हाय न्हवं?"

आई गेली तेव्हा मैथिली चौदा वर्षांची होती आणि गौतमी बावीसची. तिची वेणी घालण्यापासून तिची फी भरण्यापर्यंत सगळं ताईनं केलं होतं. जगात तिला हक्काचं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाच्या नावापुढे एक यंत्र एक्केचाळीस लिहून मोकळं झालं होतं.

संध्याकाळी ती गौतमीकडे गेली. गौतमी जमिनीवर बसून रुखवताचे लाडू डब्यात भरत होती.

"ताई, उद्या माझ्याबरोबर मिरजेला चल. सगळ्या तपासण्या करून घेऊ."

"कोणाच्या?"

"तुझ्या. पंधरा दिवस दगदग आहे. वयाची चौपन्न झाली तुला."

"लग्न मुलीचं आणि ओवाळणी डॉक्टरला," गौतमी हसली. "घरात तीनशे पत्रिका पडल्यात वाटायच्या. तुला काय सुचतंय हे?"

"माझ्यासाठी चल."

गौतमीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "माय मरो आणि मावशी जगो म्हणतात ते ठीक आहे गं, पण मी अजून धडधाकट आहे," असं म्हणून तिनं डब्याचं झाकण लावलं. तरी ती आली. धाकट्या बहिणीला नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

मिरजेत काय मिळत नाही? मुंबईचे लोक तिथे उपचाराला येतात. मैथिलीनं बहिणीला एका दारातून दुसऱ्या दारात फिरवलं. रक्त झालं, फुप्फुसं झाली, हृदयाचा आलेख झाला, फिरत्या पट्ट्यावर पळवून झालं, पोटाचं, छातीचं, मेंदूचं चित्र झालं. एकेक रिपोर्ट यायला दोन-दोन दिवस लागत, आणि तो चांगला आला की मैथिली दुसरी तपासणी काढायची. दहा दिवस गेले. शेवटी हृदयाच्या डॉक्टर पाटणकरबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या बहिणीचं हृदय चाळिशीतल्या बाईसारखं आहे. आता त्यांना सोडा, लाडू वळू द्या."

मैथिली आनंदानं ऑफिसात आली. तिनं ताईची त्याच सकाळची नवी चित्रफीत घटिकेत टाकली. आकडा उतरेल, असं तिला वाटलं होतं. घटिकेनं सेहेचाळीस मिनिटं दाखवली.

अस्लमभाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "मॅडम, ते अल्बमचं पान काढा बरं. कोणाला किती प्रती छापायच्या ते ठरवतो न्हवं का आपण, ते. त्यात कुठला फोटो कोण बघणार ते लिहिलेलं असतंय."

ते पान मैथिली लग्न झाल्यावर उघडायची, छपाईसाठी. तिनं त्या फोटोवर बोट ठेवलं. खाली नावं आली. शर्वरीचे बाबा, सणासुदीला. निहार, म्हणजे होणारा नवरा, पहिली दोन वर्षं जवळजवळ रोज, मग महिन्यातून एकदा, मग नाही. गौतमी, रोज. दुसऱ्या वर्षी रोज, दहाव्या वर्षी रोज, यादी संपेपर्यंत रोज.

शर्वरीच्या नावापुढे पहिले काही दिवस होते आणि त्यानंतर काही नव्हतं.

फोटोत दोन माणसं होती. एक जाणार आणि दुसरं तो फोटो बघत बसणार, हे मैथिलीला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण जाणारं कोण, हे तिनं विचारलंच नव्हतं. वयानं मोठं ते आधी, असं तिनं धरून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर हळदीच्या, बाशिंगाच्या मुलीबद्दल तसलं काही मनात आणायची या धंद्यात कोणाची छातीच होत नाही. अशुभ वाटतं. त्या एका संकोचापायी तिनं दहा दिवस चुकीचं माणूस तपासलं होतं. ताई जितकी धडधाकट, तितकी जास्त वर्षं ती फोटो बघणार, म्हणून आकडा उतरण्याऐवजी चढला होता.

"रडू नका मॅडम," अस्लमभाई म्हणाले. "पोरीला घेऊन जावा. नऊ दिवस हाईत अजून."

शर्वरीला तिनं सगळं सांगितलं. फक्त निहारच्या नावापुढचं सांगितलं नाही. शर्वरी सव्वीस वर्षांची, एका धरणाच्या प्रकल्पावर इंजिनिअर, आकड्यांना न भिणारी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चक्कर येते मला कधीकधी. गेल्या वर्षी साइटवर पडले होते. उपास होता, म्हणून सोडून दिलं."

पाटणकरबाईंनी तिचा आलेख तीनदा काढला. मग कागदावर एक रेघ काढून त्यांनी दोघींना समजावलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींमधली वीज पुन्हा भरून यावी लागते. शर्वरीच्या हृदयात ती भरायला जरा जास्त वेळ लागतो. एरवी काही जाणवत नाही, माणूस नव्वद वर्षंही जगतो. पण आनंदात, धावपळीत, घाबरल्यावर ठोके वाढतात, आणि वीज भरायच्या आत पुढचा ठोका आला तर लय पार विस्कटते. मग हृदय नुसतं थरथरत राहतं. हातात तीन-चार मिनिटं असतात.

"यावर उपाय आहे," त्या म्हणाल्या. "रोज दोन वेळा गोळी, हृदयाला लगाम घालणारी. ती अजिबात चुकवायची नाही. आणि छातीत छोटं यंत्र बसवायचं, लय बिघडली की ते आतूनच झटका देतं. मला विचाराल तर उद्याच बसवू."

"नंतर किती दिवस जपायचं?" शर्वरीनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी घरी जाल. डावा हात मात्र महिनाभर खांद्याच्या वर न्यायचा नाही."

"मग हार कसा घालणार मी?"

शर्वरी हसली, पण हट्टानं हसली. "पुढच्या शुक्रवारी लग्न आहे. सोमवारी सकाळी मी स्वतः येते. तोवर गोळी घेते, पळत नाही, नाचत नाही. निहारला मी सांगेन. तो मी म्हणेन तसं करेल."

"आणि ताईला?" मैथिली म्हणाली.

"आईला नाही. मावशी, शपथ आहे तुला. आई एकतर लग्न थांबवेल, नाहीतर थांबवणार नाही आणि माझ्याकडे बघून रडत बसेल. माझ्या लग्नात मला आई हसताना हवी आहे. सोमवारी मीच सांगते."

लग्न थांबवावं, असं मैथिलीला त्या क्षणी वाटलं. पण शर्वरीनं हात जोडले, आणि नऊ दिवस म्हणजे फार नाहीत, गोळी आहे, डॉक्टर आहेत, असं तिनं स्वतःला समजावलं. शहाणी माणसं स्वतःला असंच समजावतात. सतरा वर्षांत तिनं इतक्या लोकांना 'काही होत नाही, वेळेत होईल सगळं' म्हणून धीर दिला होता, की तेच वाक्य आता तिला स्वतःलाही पुरलं.

बावीस तारखेला विश्रामबागेतल्या मंगल कार्यालयात सकाळपासून सनई वाजत होती. नऊ चाळीसला अस्लमभाईंनी मायलेकींना मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथे सकाळचं ऊन तिरकं येत होतं. शर्वरी पिवळ्या अष्टपुत्री साडीत, कपाळाला मुंडावळ्या, आणि गौतमी मोरपिशी पैठणीत. नेहमी आईबरोबरचे फोटो पाच मिनिटांत उरकतात. आई म्हणते मला कामं आहेत, मुलगी म्हणते माझी पिन टोचतेय. इथे अर्धा तास झाला तरी गौतमी जागची हलली नाही. ती मुलीच्या बांगड्या सारख्या करत होती, कानात काहीतरी सांगत होती, हसत होती. लोणच्याचं प्रमाण, निहारच्या आईशी कसं बोलायचं, रडू आलं तर कोणाला फोन करायचा. आयुष्यभर पुरेल एवढं सांगून झालं तरी तिचं संपेना. अस्लमभाई मान खाली घालून फोटो काढत राहिले.

सेहेचाळीस मिनिटं झाल्यावर गौतमीनं मैथिलीला बाजूला घेतलं. "रिपोर्ट खोटे वाचून दाखवलेस ना मला?"

"काय म्हणतेस ताई?"

"मी काय वेडी आहे? दहा दिवस मला मिरजेत फिरवलंस आणि म्हणालीस सगळं छान. आमच्या भिशीत बायका बोलतात, मैथिली. ज्याला मिनिटं जास्त, ते माणूस राहत नाही म्हणे. तुझ्या टेबलावर मी कागद पाहिला. सेहेचाळीस."

मैथिलीनं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला शर्वरी निहारच्या बहिणीशी हसत बोलत होती.

"असू दे," गौतमी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "मला भीती नाही वाटत. तिचं लग्न बघायला मिळतंय, आणखी काय हवं? मी गेल्यावर तिला बघायला हे फोटो आहेत, तेवढं तू फार चांगलं केलंस. तिला मात्र आज काही सांगू नकोस."

एकीची शपथ आणि दुसरीची विनवणी, दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात. मैथिलीनं मान हलवली.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या हातातल्या टॅबलेटवर घटिकेनं वेळापत्रक बदललं. असं दर लग्नात पन्नास वेळा होतं, म्हणून तिनं आधी सहज पाहिलं. अंतरपाटाचे फोटो होते तसेच. हार घालतानाचे, चार मिनिटांवरून नऊ. त्याच्या खाली सप्तपदी, फोटो शून्य. सूनमुख, शून्य. विहिणींची पंगत, शून्य. पाठवणी, शून्य. दुपारी साडेबारानंतर घटिकेनं शर्वरीच्या एकाही फोटोला एक मिनिटही ठेवलं नव्हतं.

मैथिली धावत गौरीहराच्या खोलीत गेली. शर्वरी पाटावर बसून अन्नपूर्णेवर तांदूळ वाहत होती. चेहरा जरा पांढरा दिसत होता, पण नवऱ्या मुली पांढऱ्या दिसतातच.

"गोळी घेतलीस?"

"आज उपास आहे ना. गोळी जेवणानंतर घ्यायची. जेवण मंगलाष्टकांनंतर."

"आणि काल?"

शर्वरीनं बोटांवर मोजलं. "काल ग्रहमखाच्या पूजेचा उपास होता, चार वाजेपर्यंत. रात्री भूकच नव्हती. किती, तीन चुकल्या? मावशी, एवढं काय..."

ज्या मुलीनं धरणाच्या भिंतीचे आकडे पाठ केले होते, तिला उपाशीपोटी गोळी चालेल का एवढं डॉक्टरला विचारायचं सुचलं नव्हतं. आणि मैथिलीनं सबंध दिवसाची मिनिटं मोजली होती, त्यात गोळीचं मिनिट नव्हतं. तिनं शर्वरीच्या पर्समधली गोळी काढली, पाणी दिलं, आणि तिथूनच पाटणकरबाईंना फोन लावला.

"गोळीचा असर व्हायला तास जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "एकदम बंद केलेली आहे, हे जास्त वाईट. आत्ताच्या आत्ता घेऊन या. मी अँब्युलन्स पाठवते, झटक्याचं यंत्र असतं त्यात."

"चल," मैथिलीनं तिचा दंड धरला.

"मावशी." शर्वरीनं हात सोडवला नाही, पण उठलीही नाही. "मिरजेची अँब्युलन्स यायला वीस मिनिटं लागणार. तोवर मी इथे बसले काय आणि तिथे उभी राहिले काय. बारा-सतराला हार घालते आणि साडीसकट गाडीत बसते. आत्ता मी मागच्या दारानं गेले तर बाहेर सहाशे माणसं आहेत. त्यांच्यासमोर आईचं काय होईल? मी पळत नाहीये. नुसती उभी राहणार आहे."

दारात शर्वरीचे चुलतमामा आले. मुलीला बोहल्यावर न्यायला मामाच लागतो. शर्वरीनं त्यांच्या हातात हात दिला, हळू उठली, हळू चालत गेली.

मैथिलीनं जे करता येईल ते केलं. निहारला एका बाजूला गाठून चुकलेल्या गोळ्यांचं सांगितलं. तो पांढराफटक पडला, म्हणाला, "मी धरून ठेवीन तिला." गुरुजींना सांगितलं, शेवटची दोन मंगलाष्टकं गाळा. गुरुजी तिच्या चेहऱ्याकडे बघून वाद न घालता बरं म्हणाले. पाहुण्यांत कोणी डॉक्टर आहे का ते विचारून एका दातांच्या डॉक्टरला बोहल्याच्या मागे उभं केलं. बारा वाजून सहा मिनिटांनी अँब्युलन्स कार्यालयाच्या मागच्या फाटकातून आत आली, सायरन न वाजवता, कारण तसं तिनंच सांगितलं होतं. दोन माणसं यंत्राची पेटी घेऊन पडद्याआड येऊन बसली. आत अंतरपाट धरला होता. अक्षता वाटून झाल्या होत्या. टॅबलेटवर घटिकेनं हार घालतानाचे फोटो नऊ मिनिटांवरून अकरावर नेले.

आता करण्यासारखं एकच राहिलं होतं. ती मागच्या अंगणात गेली.

मुलीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नसतात. तिकडे मुलीवर अक्षता पडत असताना आईनं तुळशीपाशी बसायचं आणि पाणी घालत राहायचं, अशी त्यांच्याकडची रीत. गौतमीनं स्वतःच्या लग्नात, आई नव्हती म्हणून, तुळशीपाशी चुलतीला बसवलं होतं, आणि आज ती स्वतः पदर खोचून तांब्या घेऊन बसली होती. आतून पहिलं मंगलाष्टक ऐकू येत होतं. ती पुटपुटत त्याबरोबर म्हणत होती.

"ताई, ऊठ. आत चल."

"अगं, आईनं बघायचं नसतं."

"आज बघ."

गौतमीनं तांब्या खाली ठेवला. धाकट्या बहिणीचा चेहरा तिनं वाचला, जन्मभर वाचत आली होती तसा, आणि या वेळी चुकीचा वाचला. "इतकं थोडं राहिलंय का माझं?" तिनं विचारलं. आवाज अगदी शांत होता.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते सांगितलं असतं तर ताई किंचाळत आत धावली असती आणि शर्वरीनं आईला शेवटचं पाहिलं असतं ते तसं.

"हो," मैथिली म्हणाली.

"वेडी, रडतेस काय मग?" गौतमी उठली. ओले हात तिनं पैठणीलाच पुसले, केस सारखे केले, मुंडावळ्यांतली मुलगी बघायला निघालेल्या आईनं हसावं तशी हसली. "चल, डोळे भरून बघून घेते. मला पुढे उभी कर, तिला मी दिसायला हवी."

मैथिलीनं तिला माणसांतून वाट काढत अगदी पुढे नेलं. अंतरपाटाच्या कडेवरून शर्वरीला आई दिसली. तिचा चेहरा आधी चकित झाला, मग उजळला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. अस्लमभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतलाच नाही. मैथिलीनं बोहल्याकडे बघितलं नाही. ती ताईचा हात घट्ट धरून उभी राहिली, आणि गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक सुरू केलं.